मुलांबरोबर नानकटाई : परातीपासून डब्यापर्यंत

चार ते सहा वर्षांच्या मुलाबरोबर घरी पहिल्यांदा काही भाजायचे असेल, तर केकपासून सुरुवात करू नये, नानकटाईपासून करावी, असे माझे अनुभवान्ती ठाम मत झाले आहे. केकमध्ये मुलाच्या वाट्याला फार थोडे काम येते. साहित्य ओतायचे, चार वेळा डाव फिरवायचा, की मिश्रण भांड्यात जाते आणि पुढचा पाऊण तास मुलाला करण्यासारखे काहीच उरत नाही. शिवाय मिश्रण पातळ झाले किंवा केक मध्यभागी कच्चा राहिला, तर सगळीच मेहनत वाया जाते आणि मूल हिरमुसते. नानकटाईच्या पिठाला मात्र एका घाण्यात 20-22 वेळा हात लागतो. एखादी वाकडी झाली, एखादी खाली पडली, तरी बाकीच्या उरतात. त्यात अंडे लागत नाही, यंत्र लागत नाही आणि पिठाला घाईही नसते, त्यामुळे मूल मध्येच उठून पाणी पिऊन आले तरी काही बिघडत नाही.

महाराष्ट्रातल्या अनेक गावांत हे काम एके काळी मुलांना बरोबर घेऊनच होत असे. दिवाळीच्या आधी किंवा मे महिन्याच्या सुट्टीत घरून मैदा, रवा, पिठीसाखर आणि तुपाचा डबा घेऊन जवळच्या बेकरीत जायचे, नंबर लागेपर्यंत थांबायचे आणि आपल्याच साहित्याची नानकटाई भट्टीतून भाजून आणायची, ही पद्धत आज पन्नाशीत असलेल्या पुष्कळांना आठवत असेल. माझ्या लहानपणी लोखंडी पत्र्यावर गोळे मांडण्याचे काम आम्हा मुलांकडे असे, आणि आपला पत्रा नंतर ओळखता यावा म्हणून कोपऱ्यातल्या एका गोळ्यावर आई बोटाने खोल खूण करत असे. पत्रे बाहेर आले की ती खूण शोधायला आम्ही पुढे धावत असू. आता अनेक घरांत ओव्हन आहेत आणि रांगेत थांबावे लागत नाही. मात्र मुलांचा हात या कामात पुन्हा यायचा असेल, तर आपल्याला थोडी आखणी करावी लागते. ती आखणी कशी करावी, हे पुढे क्रमाने सांगते.

काम खरे असावे

आपण पोळ्या करताना मुलाला कणकेचा छोटा गोळा देऊन बाजूला बसवतो. दोन वर्षांच्या मुलासाठी ते ठीक आहे. पण चार वर्षांच्या मुलाला आपला गोळा कुणाच्याच ताटात जात नाही, हे बरोबर कळते, आणि दोन-तीनदा कळले की ते आपल्याजवळ येऊन बसेनासे होते. म्हणून मुलाकडे दिलेले काम असे असावे, की ते त्याने केले नाही तर पदार्थ पुढे सरकणार नाही, आणि केले तर ते ताटात दिसेल.

हे मला एका दुपारी कळले. माझी मुलगी तेव्हा साडेचार वर्षांची होती. तिने दोन्ही तळहातांत गोळा वळला, अंगठ्याने दाबला आणि ताटात ठेवला. तो एका बाजूने जाड आणि दुसऱ्या बाजूने पातळ होता, कडेला भेग पडली होती. मी बोलता बोलता तो उचलला, पुन्हा वळला, नीट चपटा केला आणि परत ठेवला. तिने पुढचा गोळा घेतलाच नाही. हात फ्रॉकला पुसले, उठली आणि बाहेरच्या खोलीत गेली. मी हाक मारली तेव्हा तिथूनच म्हणाली, "आई, तूच कर. तुझेच छान होतात." त्या दिवशीची नानकटाई एकसारखी आणि खुसखुशीत झाली होती, आणि ती मला गोड लागली नाही.

तेव्हापासून आमच्या घरी एक नियम आहे. मुलाने ठेवलेला गोळा त्याच्यासमोर दुरुस्त करायचा नाही आणि त्याच्या मागेही करायचा नाही. पण गोळे फार लहानमोठे असतील तर लहान करपतात आणि मोठे कच्चे राहतात, ही अडचणही खरी आहे. तिच्यावर उपाय असा, की पिठाचे भाग मोठ्या माणसाने आधीच सारखे करून ठेवावेत. वजनकाटा असेल तर प्रत्येक भाग साधारण 20 ग्रॅमचा करावा, नसेल तर एक मोठा चमचा सपाट भरून पीठ मोजावे. वजन सारखे असले, की आकार वेडावाकडा असला तरी भाजण्यात फारसा फरक पडत नाही, आणि आपल्या हातालाही दुरुस्तीचा मोह होत नाही.

वेळ आणि जागा

संध्याकाळची वेळ घेऊ नये. तेव्हा मूल थकलेले असते, आपल्याला रात्रीच्या स्वयंपाकाची घाई असते, आणि सांडलेल्या पिठावरून आपला आवाज चढतो. सुट्टीची सकाळ किंवा मुलाची झोप झाल्यानंतरची दुपार उत्तम. सगळे मिळून दीड तास हाताशी ठेवावा. एकट्याने हे काम पाऊण तासात होते, पण तो हिशेब इथे उपयोगाचा नाही. मुलाचे पोट भरलेले असावे, नाहीतर ते कच्चे पीठ खात बसते.

जागेच्या बाबतीत आपली जुनी बैठक सर्वांत चांगली. ओट्याशी स्टूल लावून मुलाला उभे केले की ते पडेल, शेगडीकडे हात नेईल, ही धास्ती सतत राहते. त्याऐवजी जमिनीवर जुनी चादर अंथरावी, मध्ये मोठी परात ठेवावी आणि दोघांनी समोरासमोर बसावे. परातीच्या काठामुळे पीठ आतच राहते, मुलाचे दोन्ही हात मोकळे राहतात, आणि आपले डोळे त्याच्या डोळ्यांच्या रेषेत येतात. ओट्याजवळ उभे राहून आपण मुलाशी वरून बोलतो. परातीशी बसल्यावर बोलण्याचा सूरच बदलतो. हात धुणे, केस बांधणे, बाह्या सरसावणे, या गोष्टी दोघांनी एकदमच कराव्यात, म्हणजे सुरुवात झाल्याचे मुलाला समजते.

साहित्य आणि मोजमाप

एकाच वाटीने सगळे मोजावे. सुमारे 240 मिलिलिटरची वाटी घेतली तर 1 वाटी मैदा, अर्धी वाटी बेसन, पाव वाटी बारीक रवा, अर्धी वाटी थिजलेले साजूक तूप आणि पाऊण वाटी पिठीसाखर, एवढ्यात साधारण 20 नानकटाई होतात. वजनाने मोजणाऱ्यांनी मैदा 125 ग्रॅम, बेसन 50 ग्रॅम, रवा 40 ग्रॅम, तूप 110 ग्रॅम आणि पिठीसाखर 85 ग्रॅम घ्यावी. याशिवाय पाव छोटा चमचा बेकिंग पावडर, अर्धा छोटा चमचा वेलदोड्याची पूड, किंचित जायफळ आणि चिमूटभर मीठ लागते. मैद्याच्या जागी अर्धी कणीक घातली तरी चालते. रंग गडद येतो आणि चव खमंग लागते.

या एका कृतीत पाव, अर्धी, पाऊण आणि एक, अशी चारही मापे येतात, हे मला फार मोलाचे वाटते. पाव वाटी चार वेळा ओतली की वाटी भरते आणि तीन वेळा ओतली की पाऊण होते, हे मुलाने स्वतः रवा ओतून पाहिले, तर शाळेतल्या अपूर्णांकांची त्याला पुढे भीती वाटत नाही. इंग्रजी माध्यमात शिकणाऱ्या आणि परदेशात वाढणाऱ्या मराठी मुलांना पाऊण, सव्वा, दीड, अडीच हे शब्द सहसा घरात ऐकायला मिळत नाहीत. चाळणे, फेसणे, मळणे, तिंबणे, वळणे, थापणे या क्रियापदांचेही तेच आहे. पुस्तकातून ती पाठ करून घेता येत नाहीत. हात पिठात असताना बोललेला शब्द मात्र पक्का बसतो. म्हणून या दीड तासात "मिक्स कर" असे न म्हणता "फेस", "कालव", "मळ" असे नेमके शब्द वापरावेत.

मोजण्याचे काम पाच वर्षांच्या मुलाकडे बिनधास्त द्यावे. वाटी शिगोशीग भरायची आणि सुरीच्या पाठीने किंवा उलथन्याच्या कडेने सपाट करायची, हे एकदा करून दाखवले की जमते. तीन वर्षांच्या मुलाकडे ओतणे आणि चाळणे ठेवावे. मैदा, बेसन आणि बेकिंग पावडर एकत्र चाळताना चाळणीखाली जो फिकट पिवळसर डोंगर तयार होतो, तो पाहण्यातच लहान मूल पाच मिनिटे रमते. रवा चाळणीत घालू नये, तो नंतर मिसळावा.

तूप फेसणे आणि पीठ जुळवणे

नानकटाईची सगळी गंमत या टप्प्यावर आहे, म्हणून इथे घाई करू नये. तूप वितळलेले नसावे, रवाळ आणि थिजलेले असावे. उन्हाळ्यात ते पातळ झाले असेल तर फ्रिजमध्ये ठेवून घट्ट करून घ्यावे. परातीत तूप घालून तळहाताने गोल गोल फेसायला लागावे. एका बाजूने आपला हात, दुसऱ्या बाजूने मुलाचा हात, असे आळीपाळीने फिरवावे. सुरुवातीला तुपाचे कण हाताला लागतात, मग ते गुळगुळीत होते, आणि पाच-सात मिनिटांनी पिवळसर तूप पांढरे आणि हलके होते. त्यात हवा मिसळल्यामुळे रंग बदलतो, आणि याच हवेमुळे नानकटाई खुसखुशीत होते. मुलाला हे सांगावे, पण आधी त्याला स्वतःला रंग बदलताना दिसू द्यावा. माझी मुलगी पहिल्यांदा हे करत असताना एकदम थांबली आणि म्हणाली, "अगं, हे लोणी झालं!" मी तिला काही सांगायच्या आत तिने बोटांमध्ये ते पुन्हा पुन्हा दाबून पाहिले, नाकाजवळ नेले, आणि मग आपणहून जोरात फेसू लागली.

पांढरे झालेल्या तुपात पिठीसाखर दोन-तीन वेळा करून घालावी आणि आणखी तीन-चार मिनिटे फेसावे. मग चाळलेले पीठ, रवा, वेलदोडा, जायफळ आणि मीठ घालून हलक्या हाताने एकत्र करावे. कणकेसारखे हे पीठ तिंबायचे नाही. जास्त मळले तर नानकटाई कडक होते. मुलाला नेमके मळायलाच आवडते, त्यामुळे इथे "आता नुसते गोळा करू" असे म्हणून आपण त्याच्या हातांवर हलकेच हात ठेवावा. पाणी मुळीच घालू नये. पीठ मुठीत दाबल्यावर गोळा धरते की नाही ते पाहावे. फुटत असेल तर एक छोटा चमचा तूप वाढवावे. मग परातीवर झाकण ठेवून 15 ते 20 मिनिटे पीठ मुरू द्यावे, म्हणजे रवा जरा फुलतो.

कच्चे पीठ चाखण्याचा हट्ट होणारच. अंडे नसले तरी कच्च्या मैद्यात आणि बेसनात रोगजंतू असू शकतात, आणि कच्च्या बेसनाने लहान मुलांचे पोटही बिघडते. नुसते "खाऊ नको" म्हणण्यापेक्षा एका छोट्या वाटीत थोडे बेदाणे आधीच काढून ठेवावेत आणि पिठाला हात लावण्यापूर्वीच सांगावे, की चाखायचे असेल तर या वाटीतले.

वळणे आणि मांडणे

पीठ मुरेपर्यंत ओव्हनच्या पत्र्याला बटर पेपर लावून घ्यावा. मग सारखे भाग करून ते मुलाच्या पुढ्यात ओळीने ठेवावेत. तळहातांत गोळा वळायचा, किंचित चपटा करायचा आणि मधोमध अंगठा दाबायचा, एवढेच मुलाचे काम. दोन गोळ्यांमध्ये दोन बोटांचे अंतर हवे, कारण भाजताना नानकटाई पसरते. हे अंतर मुलाने स्वतःची बोटे ठेवून मोजावे. वर बदाम किंवा पिस्त्याचे पातळ काप लावावेत. पाच वर्षांखालील मुले असतील तर अख्खे दाणे वापरू नयेत, ते घशात अडकण्याचा धोका असतो. पूड किंवा अगदी पातळ काप सुरक्षित. सुक्यामेव्याची किंवा गव्हाची ॲलर्जी असणारे मूल घरी येणार असेल, तर त्याच्या पालकांना आधी विचारून घ्यावे.

एका गोळ्यावर मुलाला त्याची स्वतःची खूण करू द्यावी. बोटाचा ठसा, लवंगेने काढलेला डोळा, काहीही चालेल. खुणेसाठी वापरलेली लवंग मात्र पिठात ठेवू नये.

याच जातीचे काम गोव्यातल्या ख्रिस्ती घरांत नाताळच्या तयारीत दिसते. कुलकुल या तळलेल्या गोड खाऊचे पीठ जेवणाच्या काट्याच्या पाठीवर दाबून गुंडाळायला घरातली मुले मोठ्यांच्या बरोबरीने बसतात. रवा-नारळाच्या बोलिन्या नावाच्या बिस्किटांवर काट्याने ओढलेल्या उभ्या-आडव्या रेघाही मुलाच्या हाताला सहज जमतात. नानकटाईवरही काट्याची अशी रेघ छान दिसते.

भाजणे

इथून पुढे विस्तवाचे सगळे काम मोठ्या माणसाचे. हा नियम मुलाला आधीच, शांतपणे आणि एकदाच सांगावा. ओव्हनसमोर जमिनीवर खडूने किंवा चिकटपट्टीने रेघ ओढून "पत्रा आत-बाहेर होताना तू रेघेच्या पलीकडे" असे ठरवले, तर सारखे ओरडावे लागत नाही.

ओव्हन 170 अंश सेल्सिअसवर 10 मिनिटे आधी तापवावा आणि मधल्या फळीवर नानकटाई 15 ते 18 मिनिटे भाजावी. मायक्रोवेव्ह असेल तर त्यात कन्व्हेक्शनची सोय हवी. साध्या मायक्रोवेव्हवर नानकटाई भाजली जात नाही. ओव्हन नसल्यास जाड बुडाची कढई घ्यावी, तळाशी मिठाचा थर द्यावा, त्यावर रिंग ठेवावी आणि झाकण लावून मध्यम आचेवर 10 मिनिटे तापवावी. मग ताटलीला तूप लावून गोळे मांडावेत, ताटली रिंगवर ठेवावी आणि आच मंद करून 20 ते 25 मिनिटे भाजावे. पुष्कळ जण यासाठी कुकर वापरतात, पण पाण्याशिवाय तापवल्याने तो खराब होऊ शकतो, म्हणून मी कढईच सुचवीन.

खालची कड हलकी सोनेरी दिसली की नानकटाई झाली. तेव्हा ती बोटाला मऊच लागते, आणि बहुतेकांची चूक इथेच होते: कच्ची आहे असे समजून आणखी पाच मिनिटे ठेवली जाते आणि ती करपते. गार होताना ती आपोआप घट्ट होते, तोपर्यंत पत्र्यावरून उचलू नये.

एवढी काळजी घेऊनही चटका बसलाच, तर भाजलेला भाग लगेच नळाच्या वाहत्या गार पाण्याखाली 20 मिनिटे धरावा. बर्फ, टूथपेस्ट, तूप किंवा हळद लावू नये. फोड आला, चेहऱ्यावर किंवा हाताच्या पंजावर भाजले, किंवा भाग मुलाच्या तळहाताहून मोठा असेल, तर डॉक्टरांकडे न्यावे.

मधली पंधरा मिनिटे

या वेळात आपण सहसा ओटा आवरतो किंवा फोन हातात घेतो. माझी कळकळीची विनंती आहे, की निदान पहिल्या काही वेळा तरी तसे करू नये. ओव्हनच्या काचेपासून सुरक्षित अंतरावर मुलाला शेजारी किंवा मांडीवर घेऊन बसावे. पहिली पाच मिनिटे काही घडत नाही. मग गोळ्यांच्या कडा किंचित सैल होतात, वर भेगा पडू लागतात, आणि घरात आधी तुपाचा, मग बेसनाचा आणि शेवटी वेलदोड्याचा वास येतो. "आता कसला वास आला?" एवढा एक प्रश्न पुरेसा असतो. या वेळात मुले न विचारता बोलतात. शाळेत कोणी डब्यातला खाऊ घेतला, कोण आता शेजारी बसत नाही, बाई कशाला रागावल्या, हे माझ्या मुलीने मला इथेच सांगितले आहे. शाळेतून आल्यावर विचारले तर उत्तर "काही नाही" असेच येते. दोघांची नजर समोरच्या काचेवर असते, म्हणून कदाचित बोलणे सोपे जात असावे. मध्येच सल्ला देऊ नये, ऐकावे. घंटी वाजली की विषय आपोआप सुटतो, आणि मुलाला हवा असेल तर तेच तो पुढच्या वेळी पुन्हा काढते.

बिघडले तर

नानकटाई पसरून एकमेकींना चिकटली तर तूप जास्त झाले किंवा पीठ गरम होते. पुढचा पत्रा भाजण्यापूर्वी 20 मिनिटे फ्रिजमध्ये ठेवावा. भुगा झाला तर तूप कमी पडले. तो भुगा टाकू नये, दुधात किंवा आइस्क्रीमवर घालावा, आणि बिघडलेल्या गोष्टीचे काय करायचे ते मुलालाच विचारावे. खालून करपली तर पुढच्या वेळी पत्रा एक फळी वर घ्यावा. मूल मध्येच कंटाळून उठले, तर त्याला बोलावत बसू नये. त्याचे पाच-सहा गोळे झाकून ठेवावेत आणि भाजायच्या आधी एकदा हाक मारावी. बहुधा ते येते.

नानकटाई दोन-तीनदा झाली की गूळ घातलेली कणकेची बिस्किटे करावीत. त्यांची पोळी लाटून करंजीच्या कातण्याने पट्ट्या कापण्याचे काम मुलाला द्यावे. चाक फिरले की नागमोडी कड उमटते आणि त्याला जोर लागत नाही. केक मूल सहा-सात वर्षांचे झाल्यावर करावा, तेव्हा दही आणि सोडा एकत्र आल्यावर बुडबुडे का येतात, हे समजण्याइतके मूल मोठे झालेले असते.

नानकटाई पूर्ण गार झाल्यावरच हवाबंद डब्यात भरावी, कोमट असताना झाकण लावले तर वाफेने ती मऊ पडते. नीट भरली तर आठ-दहा दिवस टिकते. डब्यावर तारखेची चिठ्ठी मुलाकडून लिहून घ्यावी, आकडे उलटे आले तरी तशीच लावावी. शेजाऱ्यांकडे वाटी पाठवायची असेल तर ती त्याच्याच हाती द्यावी आणि त्यात वाकड्या नानकटाईही निवडून न काढता ठेवाव्यात. खुणेची नानकटाई मात्र डब्यात जाऊ देऊ नये. ती पत्र्यावर शोधून, दोन तुकडे करून, दोघांनी तिथेच चादरीवर बसून खावी. आमच्या घरी मोठा तुकडा कोणाला द्यायचा ते मुलगी ठरवते, आणि दर वेळी उत्तर वेगळे असते.